निसर्गचक्र म्हणे!

आज टिळकवाडीत एका वास्तुशांतीला गेले होते. पंगत उठली, विडे झाले, आणि हॉलमध्ये नव्याकोऱ्या एसीखाली भावकीतले एक काका पाय पसरून बसले. विषय निघाला उन्हाचा. कुणीतरी म्हणालं, बेळगाव असं कधी नव्हतं बाबा. तर काका म्हणतात, "पृथ्वी तापते, परत निवते. निसर्गचक्र हाय ते. माणसाची काय ताकद?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. शिकल्यासवरलेल्या माणसांनी! दुसऱ्याच्या घरचं शुभकार्य म्हणून गप्प बसले. आता घरी आलेय, लाईट गेलीय, इन्व्हर्टरवर एक पंखा कसाबसा फिरतोय आणि झोप येत नाही. म्हणून लिहितेय.

आमच्या शहापूरच्या घरात पंखा नव्हता. परवडत नव्हता म्हणून नव्हे, लागायचाच नाही. 'गरिबांचं महाबळेश्वर' म्हणायचे ना आपल्या गावाला! मामानं एकदा पुण्याहून टेबल फॅन आणून दिला, तर आप्पांनी तो खोक्यासकट माळ्यावर टाकला. "बेळगावात पंखा लावायला मला काय वेड लागलंय?" मे महिन्यातसुद्धा पहाटे पांघरूण ओढायला लागायचं. दुपारी कितीही तापू दे, संध्याकाळी वळीव आला की संपलं.

तर काका, चक्र. हिमयुगं आली-गेली, मान्य. ती काही माणसानं आणली नव्हती, तेही मान्य. पण त्या फेऱ्याला हजारो वर्षं लागतात हो! इथं दीड-दोनशे वर्षांत सगळं झालंय. कारखाने सुरू व्हायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड 280 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय. हा वरचा कुठनं आला? भुताटकी झाली? जमिनीतनं कोळसा आणि तेल उपसून जाळलं त्यातनं आला. आणि तो ओळखताही येतो. कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात कार्बन-14 (काळानुसार आपोआप झिजत जाणारा कार्बनचा प्रकार) शिल्लक राहत नाही, आणि असल्या जुन्या कार्बनची भेसळ आजच्या हवेत सापडते. सूर्याचं म्हणाल, तर 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह त्याला मोजतायत, त्याची धग काही वाढलेली नाही. आणि सूर्यानं तापवलं असतं तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो उलट थंड होतोय. म्हणजे या कार्बन डायऑक्साइडनं ऊब खालीच अडकवलीय, वाकळ डोक्यावरनं घेऊन झोपल्यासारखी. कार्बन डायऑक्साइड वाढला की पृथ्वी किती तापेल, हा हिशेब 1896 साली स्वीडनच्या अऱ्हेनियस या शास्त्रज्ञानं कागदावर मांडला होता. 1896! आणि आमच्याकडं 'माणसाची काय ताकद'.

या वाकळेमुळंही रात्री निवत नाहीत. आप्पांच्या शेवटच्या उन्हाळ्यात ते मध्यरात्री उठून बसायचे. एका रात्री मला हाक मारली, "तो मामानं दिलेला फॅन हाय काय गे अजून?" मी माळ्यावर चढले. खोका तसाच होता, आतलं थर्माकोलसुद्धा. लावला, फिरला! आप्पा त्याच्यासमोर बसून राहिले. बाजूच्या घरांचे स्लॅब पडले म्हणून वारा अडला, असं त्यांचं शेवटपर्यंत म्हणणं होतं.

हो, एका घरातल्या पंख्यावरनं पृथ्वीचं ठरत नाही, कळतं मला. आणि आपल्या शहराची बरीच धग आपण ओतलेल्या सिमेंटची आहे, खानापूर रस्ता रुंद करताना आडव्या झालेल्या झाडांची आहे. आप्पा अगदीच चुकले नव्हते. पण ती झाडं काय निसर्गचक्रानं तोडली?

2019 चा ऑगस्ट आठवा. निपाणीजवळ हायवे पाण्याखाली, दूधगंगा-वेदगंगा गावांत. तेव्हा इकडचे महाराष्ट्रातल्या कोयना धरणाच्या नावानं बोटं मोडत होते, तिकडचे कर्नाटकातल्या आलमट्टीच्या. भांडायला आपल्याला सीमाभागात काय, धरणही चालतं. एका पुराचं खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही, ठीक आहे. पण हवा एका अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरून ठेवते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. मग 2023 ला उलटं. जूनमध्ये पाऊस नाही, बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयानं तळ गाठला. एल निनो (प्रशांत महासागर तापतो आणि आपला पाऊस बिघडतो, तो) होता, माहीत आहे मला, कमेंटमध्ये शिकवायला येऊ नका.

त्या वर्षी येळ्ळूरला आमच्या मावशीच्या दिरांनी धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी, केली होती. भात जमिनीत, माणूस बांधावर, नजर आभाळाकडं. तेही म्हणाले, "देवाची मर्जी." त्यांच्यावर मला राग नाही आला. येणारच नाही. त्यांनी काय जाळलंय? आपल्या देशात डोईमागं वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत चौदाच्या आसपास. आणि आपल्या त्या दोन टनांतही येळ्ळूरच्या शेतकऱ्याचा वाटा आणि एसीखाली बसलेल्या काकांचा वाटा सारखा नाही. भीमगडच्या रानातल्या धनगरवाड्याचा तर विचारूच नका. म्हणून 'माणसानं केलं' म्हणताना मलाही थोडं अडखळायला होतं. सगळ्या माणसांनी सारखं केलेलं नाही. पण म्हणून कुणीच केलं नाही, असं म्हणायचं? सोयीचं आहे की! चक्रावर ना खटला भरता येतो, ना त्याच्याकडनं दंड घेता येतो.

काकांशी माझं वैर नाही. आप्पा आजारी होते तेव्हा रात्री-अपरात्री गाडी काढून आलेले तेच. त्यांची सून ही पोस्ट त्यांना वाचून दाखवणार, हेही मला माहीत आहे. दाखव गं, हा भागही दाखव.

आणि आता कुणीतरी विचारणारच, मग तू स्कूटर का वापरतेस, फॅन बंद कर की. वापरते. वडगावातनं ऑफिसला बस वेळेवर येत नाही म्हणून वापरते, आणि ती पेट्रोलवर चालते. तिचा धूर मी सोडते. हेच तर मघापासून सांगतेय.