'फ्रंट नॉइज'

मराठीत आवाजांची चणचण नाही. खडखड वेगळी, कटकट वेगळी. घूंऽऽ, कुईकुई, आणि नुसतंच 'टंग'. गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवायला नेली की मी हा सगळा ऐवज तोंडाने वाजवून दाखवतो. इस्त्रीच्या शर्टातला ॲडव्हायझर तो शांतपणे ऐकून घेतो आणि जॉब कार्डावर लिहितो, 'फ्रंट नॉइज'. दुरुस्तीतला निम्मा घोळ या दोन शब्दांत झालेला असतो, कारण कुठला आवाज यावरच पार्ट ठरतो.

स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट-कट आली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटलेलं असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फवारे दिसतात. वेगाबरोबर चढत जाणारी घूंऽऽ म्हणजे बहुधा बेअरिंग. उजवं वळण घेताना ती वाढली तर संशय डाव्या चाकावर, कारण वजन तिकडे जातं. मात्र आधी टायरवर हात फिरवावा. टायर दातेरी झिजला असेल तर तोही हुबेहूब तसाच रडतो. ब्रेक लावताना कुईकुई झाली तर पॅड बघायचे. नवा पॅड साधारण १० मिलिमीटरचा असतो, ३ वर आला की बदलायचा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'टंग' वाजलं तर शॉकअपच्या डोक्यावरचं माउंटिंग.

आणि खडखड! छोट्या खड्ड्यांवर, १५-२० च्या वेगात, डब्यात चमचा ठेवल्यासारखी. इथे पहिला संशयित लिंक रॉड. ही वीत-दीड वीत लांबीची दांडी, दोन्ही टोकांना बॉल जॉइंट. रबरी टोपी फाटली की आत पाणी-माती शिरते, ग्रीस निघून जातं आणि गोळी वाटीत नाचायला लागते. ज्या बारला, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या सळईला, ही दांडी जोडलेली असते, तो डावं-उजवं चाक वेगवेगळं हललं तरच कामाला लागतो. ट्रायलला मात्र गाडी नेतात समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर. फार आग्रह केला तर एखाद्या स्पीडब्रेकरवरून, जिथे दोन्ही चाकं एकदम चढतात आणि एकदम उतरतात. लिंक रॉड अशा वेळी वर्गात साहेब आल्यासारखा गप्प बसतो. "काही नाही साहेब, तुमचा भास आहे."

भास मान्य नसेल तर एस्टिमेट येतं: शॉकअप दोन, माउंटिंग दोन, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) दोन, लिंक रॉड दोन, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) वेगळं. सुक्याबरोबर ओलंही जळतं. खरं तर गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवलं आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला, तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट. कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगायचं. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग. ९ आणि ३ च्या जागी लागला तर आधी टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणारी दांडी, बघायचा. लोअर आर्मचं बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवलं की फाटलेलं दिसतं. आणि लिंक रॉडच्या खात्रीसाठी दोन्हीकडचे रॉड काढून, बार कशाला लागणार नाही असा बांधून, गल्लीतल्या गल्लीत हळू फेरी मारायची. खडखड थांबली तर चोर सापडला. तो बदलायला अलाइनमेंट लागत नाही. टाय रॉड किंवा लोअर आर्म बदलला तर मात्र लागतं. बिलात अलाइनमेंट सरसकट असतं, ते पंगतीतल्या मिठासारखं. न मागता वाढलेलं.

लोअर आर्म खरोखरच गेला असेल तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळलेली, आणि पोऱ्या बुशचे बोल्ट आवळून मोकळा होतो. त्या अवस्थेत आतली रबर पकडली जाते, आणि गाडी खाली येऊन वजन पडलं की ती पिळली जाते, कायमची. मग काही महिन्यांतच फाटते. बोल्ट आधी हाताने लावून, गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचं आवळायचं, इतकंच. पण रॅम्पखाली उभं राहून हे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे लग्नात आचाऱ्याला मीठ सांगणाऱ्या मामांकडे बघावं तसं बघतात. बुश फाटल्यावर कारण ठरलेलं: "लोकल माल होता साहेब."

काढलेले पार्ट मात्र मागून घ्यावेत. जुन्या लिंक रॉडची गोळी बोटांनी हलवून पाहावी. सैल लागली तर पैसे कारणी लागले. घट्ट, अडून फिरत असेल तर बिचारा निर्दोष होता, आणि खडखड अजून गाडीतच आहे. मग पुन्हा तोच काउंटर, तोच शर्ट. यावेळी तो जरा तपशिलात लिहितो: 'फ्रंट नॉइज, अगेन'.