शेरीफ म्हणजे काउंटीचा राजा? तो फॉरवर्ड एकदा नीट वाचूया

गेल्या आठवड्यात तीन ग्रुपवर तोच मेसेज आला, खाली हात जोडलेले इमोजी वगैरे. मेसेज थोडक्यात असा: अमेरिकेत शेरीफ हा काउंटीतला (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) सर्वोच्च अधिकारी, राष्ट्राध्यक्ष आणि एफबीआय (केंद्राची तपास यंत्रणा) सुद्धा त्याच्या परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकू शकत नाहीत, सुप्रीम कोर्टाने १९९७ ला तसा निकालच दिलाय, काउंटीतले सगळे पोलीस त्याच्या हाताखाली, जनतेने निवडलेला म्हणून त्याला कोणी काढू शकत नाही. आणि शेवटी, आपल्याकडेही एसपी असा मतदानाने निवडा, बघा सगळे कसे सरळ होतात. पाठवणाऱ्या काकांना मी ग्रुपवरच म्हटलं की यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, बाकीचं नाही, तर ते म्हणाले मग लिही की. म्हणून हे.

आधी ते १९९७ चं, कारण अर्धं खरं तेच आहे. १९९३ ला तिकडे ब्रेडी कायदा झाला, पिस्तूल विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायची आणि केंद्राची यंत्रणा तयार होईपर्यंत ते काम स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांनी करायचं. माँटानाचे शेरीफ प्रिंट्झ आणि ॲरिझोनाचे शेरीफ रिचर्ड मॅक कोर्टात गेले की हे काम तुम्ही आमच्या गळ्यात मारू शकत नाही, आणि ५ विरुद्ध ४ ने जिंकले. पण जिंकले म्हणजे काय जिंकले? कोर्ट एवढंच म्हणालं की केंद्र सरकारने राज्याच्या माणसांना आपल्या कामाला जुंपायचं नाही. केंद्राने स्वतःची माणसं आणून स्वतःचं काम करावं, त्याला शेरीफची परवानगी लागते असं त्या निकालात कुठेही नाही. उलट त्या अख्ख्या निकालाचा पायाच हा आहे की शेरीफ हा राज्याच्या व्यवस्थेतला माणूस आहे, म्हणजे त्याच्या डोक्यावर राज्य आहेच. पुढे याच मॅक साहेबांनी २०११ ला 'घटनात्मक शेरीफ' म्हणवणाऱ्यांची संघटना काढली आणि शेरीफ सर्वोच्च हा प्रचार देशभर केला, आपल्या ग्रुपवर येतंय ते त्याचंच मराठी भाषांतर आहे. मदत न करणं वेगळं आणि अडवणं वेगळं, सगळी गोची इथेच आहे.

आणि अडवून बघितलं एकाने! लॉस एंजेलिस काउंटीचे शेरीफ ली बाका. अमेरिकेतलं सगळ्यात मोठं शेरीफ खातं, तिथल्या जेलमध्ये कैद्यांना मारहाण होते म्हणून एफबीआयने २०११ मध्ये गुपचूप चौकशी चालवलेली, एका कैद्यालाच खबरी केलेलं, त्याच्याकडे चोरून आलेला मोबाईल सापडला तेव्हा शेरीफच्या लोकांना पत्ता लागला. मग काय केलं त्यांनी, तर त्या कैद्याचं नाव बदलबदलून त्याला एफबीआयपासून लपवून ठेवलं, आणि दोन सार्जंट थेट एफबीआयच्या तपास करणाऱ्या बाईंच्या घराबाहेर जाऊन उभे, तुम्हाला अटक करू म्हणून दम द्यायला. म्हणजे फॉरवर्डमध्ये लिहिलंय तसंच वागले अगदी. शेवट काय झाला? २०१७ मध्ये बाका दोषी ठरले, तपासात अडथळा आणला आणि खोटं बोलले म्हणून, तीन वर्षांची शिक्षा. काउंटीचा राजा केंद्राच्या तुरुंगात.

राज्य सरकारचं पण बघा. बेकायदा राहणाऱ्या परदेशी लोकांना पकडणारं केंद्राचं इमिग्रेशन खातं, त्याला शेरीफने आपल्या जेलमधून मदत करायची की नाही हा तिकडे मोठा वादाचा विषय, आपल्या लोकांना पण हल्ली त्यात रस असतो. २०१७ या एकाच वर्षात कॅलिफोर्नियाने कायदा करून शेरीफांना सांगितलं की फार मदत करायची नाही, आणि टेक्सासने कायदा करून सांगितलं की करायचीच, नाही केली तर दंड आणि खुर्ची जाणार. शेरीफ सर्वोच्च असता तर या दोन्ही कायद्यांना केराची टोपली दाखवता आली असती की नाही?

कोणी काढू शकत नाही म्हणे. फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत २०१८ ला गोळीबार झाला, १७ जण गेले, ब्रॉवर्ड काउंटीचे शेरीफ स्कॉट इस्राएल यांच्या खात्यावर खूप टीका झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये नव्या गव्हर्नरने (म्हणजे तिकडचा मुख्यमंत्रीच) त्यांना निलंबित केलं, ऑक्टोबरमध्ये राज्याच्या सेनेटने त्यावर शिक्कामोर्तब केलं. निवडून आलेला माणूस, गेला घरी. माणूस सोडा, पदच काढून टाकता येतं, कनेटिकटने २००० साली काउंटी शेरीफ हे पदच रद्द केलं. सिॲटलच्या किंग काउंटीत २०२० ला लोकांनीच मत दिलं की शेरीफ निवडायचा नाही, नेमायचा.

आता सगळे पोलीस त्याच्या हाताखाली हा मुद्दा. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, शेजारी भांडण झालं आणि ९११, म्हणजे तिकडचा आणीबाणीचा नंबर, लावला की कोण येतं, एडिसनचे पोलीस येतात, शेरीफचे नाही. शहराचं पोलीस खातं वेगळं, त्याचा चीफ वेगळा. न्यू जर्सीत शेरीफची माणसं बघायची तर कोर्टात जा, दाराशी तपासणी करायला तीच उभी. कर्ज थकलं आणि घर गेलं की त्या घराचा लिलाव पण शेरीफच करतो, त्याला शेरीफ सेल म्हणतात, आपल्यातले काही हौशी इन्व्हेस्टर त्या याद्या चाळत बसलेले असतात. बाहेर ग्रामीण भागात मात्र चित्र उलटं, जिथे शहराचे पोलीसच नाहीत तिथे गस्त घालणारा, फोन उचलणारा, सगळं शेरीफचं खातं. काही शहरं पैसे देऊन शेरीफचेच पोलीस भाड्याने घेतात, लॉस एंजेलिसजवळच्या लेकवूडने १९५४ ला ते सुरू केलं. आणि लुईझियानात शेरीफ चक्क टॅक्सही गोळा करतो. त्यामुळे 'अमेरिकेतला शेरीफ' असं एकच काही नाहीये, राज्यागणिक बदलतं.

बऱ्याच ठिकाणी त्याचं सगळ्यात मोठं काम असतं जेल, आणि ते कोणाला दिसत नाही. तिथलं काउंटी जेल म्हणजे मोठी शिक्षा भोगायची जागा नव्हे, तिथले बहुतेक लोक अजून दोषी ठरलेलेच नसतात, तारखेची वाट बघत बसलेले, जामिनाला पैसे नाहीत म्हणून अडकलेले, नाहीतर छोट्या शिक्षेवाले. त्यांचं जेवण, औषध, व्यसन सुटतानाचा त्रास, आत्महत्या होऊ नये म्हणून नजर, कोर्टात नेणं-आणणं, सगळं शेरीफच्या गळ्यात. आणि यासाठी पैसे मंजूर करतं काउंटीचं बोर्ड. सही दुसऱ्याची घेऊन खर्च करणारा राजा मी तरी पाहिला नाही.

गंमत म्हणजे शेरीफ आपल्या मुंबईलाही आहे. इंग्रजांकडूनच आलेलं पद, आपण नगरपाल म्हणतो, गावसकर पण होते एकदा. ते मानाचं पद, पण त्यांचं कार्यालय हायकोर्टाला जोडलेलं, हुकूम बजावायचे, जप्त जहाजांचा लिलाव करायचा. एडिसनवाल्या शेरीफचं काम यापासून फार लांब नाही.

राहिलं एसपी निवडून द्या. काकांची चिडचिड मला कळते, चांगल्या अधिकाऱ्याची सहा महिन्यांत बदली होते ते सगळ्यांनी पाहिलंय. पण निवडणुकीने काय होतं त्याचा नमुना ॲरिझोनात आहे. मॅरिकोपा काउंटीचे जो अर्पायो सहा वेळा निवडून आले, उन्हात तंबूंचा तुरुंग चालवायचे, टीव्हीवर कायम. त्यांचे लोक लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) दिसणाऱ्यांच्या गाड्या थांबवतात म्हणून कोर्टाने मनाई केली, तरी चालूच ठेवलं, शेवटी २०१७ ला कोर्टाच्या अवमानात दोषी ठरले आणि ट्रम्पनी माफी देऊन टाकली. त्या खटल्याचे कोट्यवधी डॉलर तिथल्या करदात्यांनी भरले, ज्यांच्या गाड्या थांबवल्या त्यांनीसुद्धा. २४ वर्षं हा माणूस दर निवडणुकीला जिंकत होता, म्हणजे बदलीची भीती नव्हती, मतांची गरज होती, आणि मतं त्याला नेमकी याच गोष्टींवर मिळत होती.

आणि जाता जाता, अमेरिकेतल्यांसाठी. शेरीफ ऑफिसमधून बोलतोय, तुम्ही ज्युरी ड्यूटी (खटल्यात पंच म्हणून बसायची हजेरी) चुकवली, वॉरंट निघालंय, आत्ताच्या आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. खरे शेरीफवाले फोनवर असे पैसे घेत नाहीत. शंका वाटलीच तर काउंटीच्या साइटवरचा नंबर बघून स्वतः लावा, फोन करणाऱ्याने दिलेला नको.