माहेरी आलेल्या बहिणीचे पैसे कुणाच्या खात्यात?

कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो : ‘बाईनं घर सोडलं की हक्क गेला. केस सासरच्या गावातच चालते. घटस्फोटाशिवाय पोटगी नाही. तिच्या नावचं फायनान्सचं कर्ज नवरा फेडेल. तिचे पैसे भावाच्या खात्यात ठेवा.’ मारहाणीतून सुटलेली बाई यावर विसंबून परत त्याच घरात जाते, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

केस सासरच्या गावात? इथल्या कितीतरी मुली महाराष्ट्रात कागल, गडहिंग्लज, चंदगडला दिलेल्या, त्यामुळे हा गैरसमज आपल्याकडे फार महागात पडतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५, कलम २७ : ती सध्या जिथे राहते, तात्पुरती का असेना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो. सासर कागलचं, माहेर निपाणीचं, तर अर्ज निपाणीत. आदेश देशभर लागू. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत विचारा किंवा १५१०० वर फोन करा. कागद कन्नडमध्ये असेल तर मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू देऊ नका, आणि प्रत घ्याच.

पोटगीला घटस्फोट लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (पूर्वीचं १२५) लग्न टिकून असलेल्या पत्नीलाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे ‘थोडं थांबून बघू’ म्हणत घालवलेला प्रत्येक महिना तिच्या पदरातून जातो. घोळ होतो तो दवाखान्यात : केसपेपरवर ‘पाय घसरून पडली’ असं लिहिलं की घर सोडण्याचं कारण पुढे सिद्ध करणं अवघड होतं. खरं कारण लिहायला लावा. नोटीस, तारखा यात वेळ जातोच. निदान सहा महिन्यांचं घरभाडं, दूध, मुलांची फी यांची तजवीज माहेराने धरावी.

दागिने स्त्रीधन आहेत, घर सोडल्याने तिची मालकी जात नाही. पण अर्जात ‘पाच तोळे सोनं’ एवढ्याने भागत नाही. ‘पाटल्या, एक जोडी, अंदाजे २५ ग्रॅम, आईकडून, लग्नाच्या फोटोत दिसतात’ असं प्रत्येक नगाचं लिहा. सोनाराची पावती जोडा.

कर्जाचा मुद्दा सगळ्यात फसवा. मायक्रोफायनान्स कंपनीच्या गटातून उचललेले पैसे नवऱ्याने वापरले तरी सही तिची, म्हणून हप्ता तिच्याच नावावर चढतो आणि थकला की पुढचं कर्ज अडतं. आधी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तिच्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा (वर्षातून एकदा फुकट मिळतो), तिला माहीत नसलेलीही कर्जं त्यात दिसतात. मग कंपनीकडून बाकीचा लेखी हिशेब मागा आणि हप्ता कमी करून देण्याचा अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्याला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना छळताही येत नाही. तुम्ही नवं कर्ज काढून जुनं फेडू नका, जामीनही राहू नका. देता येईल तेवढी रक्कम थेट द्या.

भावाच्या खात्यात पैसे मुळीच नकोत. नवऱ्याच्या हातातला लगाम भावाच्या हातात, एवढाच फरक पडतो. तिचं एकटीचं खातं काढा, तेही दुसऱ्या बँकेत. जनधन खात्याला किमान शिल्लक लागत नाही. क्रम सांभाळा : आधी तिच्या नावाचं नवं सिम, मग बँकेत तो नंबर, मग यूपीआय. जुना नंबर राहिला तर प्रत्येक मेसेज नवऱ्याच्या फोनवर जातो. नव्या खात्याला आधार जोडायला विसरू नका. नाहीतर सरकारी योजनेचे पैसे जुन्याच खात्यात जमा होत राहतात. जॉइंट खातं असेल तर व्यवहार थांबवण्याचा अर्ज देऊन पोच घ्या. आधारवरचा पत्ता आई किंवा वडिलांच्या संमतीने ऑनलाइन बदलता येतो. तो कर्नाटकचा झाला की शक्ती योजनेचा मोफत बसप्रवास मिळतो, कोर्टाच्या फेऱ्यांना तेवढाच आधार.

आणि भावांनो, वहिनींनो, मदतीच्या बदल्यात हक्कसोडपत्र पुढे करू नका. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने जन्मानेच आहे. अडचणीत असलेल्या बहिणीकडून ती सही घेणं ही दुसरी लूट आहे.