एक गोल, बारा सण

दर सणाला दारावर नवं तोरण लावणं ही शुद्ध उधळपट्टी आहे, हे आधी मान्य करा. आंब्याचे टाळे मंडईतून आणायचे, झेंडू वेगळा घ्यायचा, सुतळी शोधण्यात अर्धा तास घालवायचा आणि एवढं करून चौथ्या दिवशी पानं वळायला लागतात. आठव्या दिवशी तोरण उतरवून कुंडीत टाकावं लागतं. महिन्याभराने बघा, तिथे त्याची माती झालेली असते. म्हणजे केलेल्या खर्चाची अक्षरशः माती. त्यापेक्षा मी सांगते तसं एकच चक्र करा. नाताळात इंग्रजी सिनेमातल्या दारांवर असतं ना, गोल, हिरवं, तसं. एकदा केलं की जन्मभर टांगता येतं, फक्त सणाप्रमाणे वरचा साज बदलायचा.

त्याला मराठीत काय म्हणायचं ते मात्र शोधायला जाऊ नका. मी शोधलं. शब्दकोशाने 'पुष्पचक्र' हातात दिलं. माझ्या सासूबाई सावंतवाडीच्या. पहिल्यांदा हे दारावर बघितलं तेव्हा त्या पिशवी हातात धरून उंबऱ्याबाहेरच थांबल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "कोण गेलो गो?" त्या दिवसापासून आमच्याकडे त्याला 'ते गोल' म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा.

सांगाडा फुकटात होतो. लॉन्ड्रीतून कपड्यांबरोबर तारेचे हँगर येतात, त्यातले तीन वाकवून एकात एक गुंतवा. तो गोल होणार नाही, बटाट्यासारखा होईल. वर सुतळी गुंडाळली की बटाटा दिसत नाही. मग ग्लू गन घ्या, तिच्या कांड्या घ्या, तुळशीबागेतून नकली पानं आणि नकली झेंडू घ्या, सॅटीनच्या फिती घ्या, वायर कापायची पक्कड घ्या आणि बोटं भाजल्यावर लावायला मलम घ्या. सगळी पावती तुमच्या यजमानांना दाखवू नये. दाखवायचीच असेल तर "हे सगळं पुन्हा वापरता येतं" हे वाक्य आधी म्हणावं.

सुरुवात पाडव्यापासून करा. गोलाला कडुलिंबाची डहाळी खोचा आणि मधोमध साखरगाठींची माळ सोडा. फार सुंदर दिसतं. दुपारपर्यंत. दुपारी एक मुंगी येते, पाहणी करून जाते आणि संध्याकाळी कुटुंबकबिला घेऊन परतते. कडुलिंबाने कीडमुंगी पळते असं सांगणारे बरेच भेटतील. आमच्या मुंग्यांना ते कुणी सांगितलेलं नाही. त्या कडुलिंबावरूनच चढतात, त्यांना तो जिना वाटतो. खडूची रेघ मारली तर शेजारच्या दाराकडून येतात. गाठी हळूहळू झिजतात, आधी कडा जातात, मग एकेक पदक दोऱ्यावरून गळून खाली पडतं. तीन दिवसांत नुसता दोरा उरतो. पण गोल शाबूत राहतं, आणि आपल्याला हवंय ते तेच.

पावसाळ्यात सुतळीवर हिरवट बुरशी येते. ती काढू नका, श्रावणाची सजावट म्हणून चालून जाते.

गणपतीला सासूबाई पुन्हा येतात. त्यांच्या माहेरी गणपतीच्या डोक्यावर माटवी असते. लाकडाची चौकट छताला टांगायची आणि तिला नारळ, शहाळी, सुपारीचे घड, तवसं, कवंडाळ, कांगले, आंब्याचे टाळे असं रानातलं आणि परसातलं जे जे त्या दिवसांत पिकतं ते बांधायचं. गोव्यात तिला माटोळी म्हणतात आणि तिथे तिच्या स्पर्धासुद्धा होतात. सासूबाई मला म्हणाल्या, "चौकट आमची आजोबांच्या वेळची. वरचं काय ते दर साली नवं." मी म्हटलं, म्हणजे तुमचं पण रियुजेबलच की! त्यांनी माझ्या गोलावरच्या नकली झेंडूकडे बघितलं, त्यावरची धूळ पदराने पुसली आणि काही बोलल्या नाहीत. अशा वेळी आपणही काही बोलू नये. चहा टाकावा.

अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपक्ष लागतो. त्यात काय लावायचं हा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात. काहीच करू नका. साज उतरवा आणि नुसतं गोल राहू द्या. वर्षातले हे पंधरा दिवस ते आपल्या शब्दकोशातल्या अर्थाला धरून टांगलेलं असतं.

दसऱ्याला झेंडू खराच हवा, असा हट्ट घरातलं कुणीतरी धरतंच. त्यांना सांगा, भाव बघा. भाव चढा असेल तर परवडत नाही म्हणून घ्यायचा नाही आणि शेतकऱ्याने बाजार पडला म्हणून रस्त्यावर ओतला असेल तर त्याच्याकडे बघवत नाही म्हणून घ्यायचा नाही. आपट्याच्या पानांचं सोपं आहे. बाजारात आपटा म्हणून बहुधा कांचनच विकतात, तेव्हा तुम्ही कापडाची पानं कापून चिकटवली तर फसवणुकीत तुम्ही तिसऱ्या ठरता, पहिल्या नाही. आश्विनात सासूबाईंनी कोकणातून 'नवं' पाठवलं होतं. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल, आंब्याचं पान, सगळं एकत्र बांधलेलं. हे दाराला बांधतात. मी ते गोलाला बांधलं. दुसऱ्या दिवशी चिमण्यांनी लोंब्या सोलून कोंडा पायपुसण्यावर टाकला. नकली झेंडूकडे मात्र एकीनेही चोच वळवली नाही. टिकाऊपणाचा याहून मोठा पुरावा नको.

आता खरी काटकसर ऐका. गणपतीला वाहिलेली कापसाची वस्त्रं जपून ठेवा. दिवाळीत त्याच्याच वाती होतात, उरलेल्या कापसाचा नाताळात बर्फ होतो आणि तोच बर्फ संक्रांतीला काळ्या कापडावर बारीक गोळ्या करून डकवला की लांबून हलव्याचे दागिने वाटतात. नाताळाचं गोल कुणी सुरू केलं असंही मुलं विचारतील. मेणबत्त्यांचं चक्र हॅम्बुर्गमधल्या विखर्न नावाच्या पाद्र्याने १८३९ साली केलं. आश्रमातली पोरं नाताळ कधी येणार म्हणून रोज पिडायची, त्याने गाडीचं जुनं चाक घेऊन त्यावर दिवसागणिक एकेक मेणबत्ती लावायला सुरुवात केली. आपल्याकडे गाडीची चाकं होती तेव्हा आपण गाडी हाकत बसलो. आता ती ढाब्यांच्या भिंतींवर आहेत.

साज ठेवायला जागा लागते हे खरं. आमच्या माळ्यावर पाडव्याचं खोकं, गणपतीचं खोकं, दसऱ्याचं, दिवाळीचं, नाताळाचं अशी रांग आहे. त्यामागे २०१८ साली बंदी आली तेव्हापासून लपवलेलं थर्माकोलचं मखर आहे. ते फेकवत नाही आणि लावताही येत नाही. पाहुण्यांच्या गाद्या सध्या पलंगाखाली आहेत. पाहुणे हॉटेलात उतरतात. पण दर सणाला मंडईत जायचे रिक्षाचे पैसे वाचतात.

गोलाचा खरा उपयोग मला गेल्या माघात कळला. सोसायटीतले एक आजोबा रात्री गेले. साडेअकरा वाजता सेक्रेटरी दारात उभे. फुलवाले बंद, नातेवाईक पहाटेच नेणार, आणि सोसायटीतर्फे काहीतरी वाहायला तर हवं. बोलता बोलता त्यांची नजर दारावर गेली. मी हलव्याचे दागिने उतरवून गोल त्यांच्या हवाली केलं. सकाळी दहाला ते परत आलं. "रियुजेबल आहे म्हणाला होतात ना, म्हणून तिथून आठवणीने काढून आणलं," सेक्रेटरी म्हणाले.

त्याला दोन मीटर जांभळी सॅटीनची फीत लावलेली होती, उत्तम प्रतीची. सोनेरी अक्षरांत वरच्या ओळीत 'भावपूर्ण श्रद्धांजली', खालच्या ओळीत 'सोसायटीचे सर्व सभासद'. अशी फीत मिळाली तर काढू नका. अक्षरं खरवडूही नका, सॅटीन फाटतं. खालची ओळ कुठल्याही सणाला चालते. वरच्या ओळीवर पाडव्याला साखरगाठींची एक माळ आडवी बांधली की ती बरोबर झाकते. यंदा पाडव्याला सासूबाई सकाळच्या गाडीने येताहेत. मुंग्यांनी गाठी संपवायच्या आत त्या उंबरा ओलांडून आत आल्या पाहिजेत, एवढंच बघायचं.