डिमेन्शिया झालेल्यांना मिस्सेला येऊ द्या

बेळगाव भागातल्या आमच्या कॅथलिक पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत, आजाऱ्यांची यादी असते. कुणाचा पाय मोडलाय, कुणाचं बायपास झालंय, कुणाला डायलिसिसला न्यावं लागतं, सगळं तिच्यात असतं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्या यादीप्रमाणे घरोघरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला (चर्चमधल्या उपासनेतला) पवित्र प्रसाद, जातं. त्या यादीत डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, नाव सापडणं अवघड. माणसं नाहीत म्हणून नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अभ्यासाप्रमाणे भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. रविवारी चर्चमध्ये बसल्यावर पिकलेली डोकी मोजून बघा, आणि मग त्यातली किती गेल्या वर्षभरात यायची थांबली ते आठवून बघा.

ती का थांबली हे आपल्याला ठाऊक असतं, फक्त कुणी बोलत नाही. खानापूरकडच्या गावांत सरळ ‘म्हातारचळ लागला’ म्हणतात. बेळगावच्या कॅम्पात जरा सभ्य भाषेत ‘आता वय झालं की ओ’ म्हणतात. घरात लग्नाची मुलगी असली तर ‘त्यांच्या घराण्यात आहे’ असं कुणी म्हणू नये म्हणून आजीला मागच्या खोलीत बसवतात, पाहुणे गेल्यावर बाहेर आणतात. मी अशी घरं पाहिली आहेत आणि त्या घरातल्या लोकांना मी दोष देत नाही. ती भीती आपण सगळ्यांनी मिळून तयार केलेली आहे. पण चर्चमधल्या लोकांनाही अशी माणसं समोर नको असतात, हे मला टोचतं.

माझ्या सासूबाईंना आम्ही मांय म्हणतो. त्यांचा आजार सुरू झाल्यावर रविवारी त्यांना घेऊन जायला लागले तेव्हा बऱ्याच चांगल्या माणसांनी मला मायेनं सांगितलं, ‘कशाला एवढा त्रास करून घेतेस, आम्ही घरी कम्युनियन पाठवतो की.’ बोलणारे वाईट नव्हते. पण घरी कम्युनियन म्हणजे पाच मिनिटं: मेणबत्ती, एक प्रार्थना, ओस्ती (कम्युनियनची पातळ भाकर), आणि ती आणणारा मिनिस्टर पुढच्या घरी. ज्याला अंथरुणातून उठताच येत नाही त्याच्यासाठी ती पाच मिनिटं फार मोठी आहेत. मांयला मात्र चालता येतं. तिला गाता येतं. शेजारच्या बाकावरच्या बाईचा हात हातात धरून ती तासभर बसू शकते. अशा माणसाला घरी ठेवणं ही सोय आपली असते, तिची नव्हे.

गाण्याचं सांगते. मांय माझं नाव कधी घेते, कधी मला तिची धाकटी बहीण समजते. पण जुनं भजन सुरू झालं की तिसरं कडवंसुद्धा तिच्या तोंडून नीट येतं. याला डॉक्टर कारण सांगतात: लहानपणी शेकडो वेळा घोटलेलं गाणं आणि प्रार्थना मेंदूत वेगळ्या पद्धतीनं साठलेली असतात आणि कालच्या जेवणाची आठवण पुसली गेल्यानंतरही ती पुष्कळ काळ टिकतात. मिस्सा तर सगळीच घोटलेली असते. उठायचं कधी, गुडघे टेकायचे कधी, छातीवर हात कधी मारायचा, हे शरीराला माहीत असतं. गावातली दुसरी कुठलीही जागा घ्या, बँक, बाजार, लग्नाचा हॉल, तिथे डिमेन्शियाचं माणूस गोंधळतं. चर्चमध्ये ते इतरांबरोबर उभं राहतं आणि इतरांबरोबर बसतं. अशी जागा आपल्या हातात असताना तिचं दार आपणच लोटून घेतो.

आता भाषेचं. ते आपल्या भागात सगळ्यात जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याबद्दल कुणी विचारच करत नाही. बेळगाव डायोसिस, म्हणजे बिशपचा प्रांत, १९५३ साली झालं, त्याआधी आपण गोव्याच्या आर्चडायोसिसमध्ये होतो. आज पंच्याऐंशीच्या आसपास असलेल्या कितीतरी लोकांच्या पहिल्या प्रार्थना कोकणीतल्या आहेत. शाळा मराठी, कारण तेव्हा हा मुंबई इलाखा. नोकरीत इंग्रजी. १९५६ साली राज्य बदललं आणि माणसं त्याच घरात राहिली, मग बाजारापुरती, कचेरीपुरती कन्नड शिकली. आणि लहानपणी मिस्सा ऐकली ती लॅटिनमध्ये, कारण मायबोलीतली मिस्सा आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर), साठच्या दशकात. एका माणसात एवढ्या भाषा एकावर एक बसलेल्या असतात. आजार वाढतो तशी पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. मांयची कन्नड गेली, मग इंग्रजी गेली. ‘नमान मारिये, कुर्पेन भरलेले’ ही कोकणी प्रार्थना राहिली. आमच्या ओळखीचे एक अंकल लहानपणी ऑल्टर बॉय होते, मिस्सेत फादरना मदत करायचे. मुलाचं नाव त्यांना आठवत नाही, पण कुणी लॅटिन मिस्सेतलं ‘दोमिनुस व्होबिस्कुम’ म्हटलं की ‘एत कुम स्पिरितू तुओ’ खणखणीत आवाजात येतं.

मिस्सा कुठल्या भाषेत, किती वाजता, यावरून आपल्याकडे जे वाद होतात त्यात मी इथे शिरत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की अशा माणसाजवळ बसणाऱ्यानं त्याच्या पहिल्या प्रार्थना कुठल्या भाषेतल्या आहेत ते विचारून घ्यावं. सगळी मंडळी इंग्रजीत म्हणत असताना त्या म्हाताऱ्या बाईनं कोकणीत म्हटलं तर म्हणू द्यावं. मागच्या बाकावरून ‘शू’ करू नये. आणि कम्युनियन घरी नेणाऱ्यानं तीन भाषांतलं प्रार्थनेचं कार्ड खिशात ठेवावं, फार तर एक कागद जास्त.

या भाषेच्या गोष्टीत एक धोकाही आहे. कन्नड वाचता येईनासं झालेला माणूस घराबाहेर पडला तर त्याला दुकानाची पाटी कळत नाही, बसवरचं नाव कळत नाही. वाट चुकलेल्या माणसाच्या खिशात फोन नंबर असलेली चिठ्ठी असावी हे सगळे सांगतात. आपल्याकडे ती कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहा. ज्याला तो सापडेल तो कंडक्टर असेल, पोलीस असेल, उसाच्या शेतातला माणूस असेल, कुणाला काय वाचता येईल सांगता येत नाही.

एका चर्चमध्ये घडलेली गोष्ट. एक वयस्क बाई कम्युनियनच्या रांगेत आली, हातावर ओस्ती घेतली, आणि तोंडात न घालता रुमालात बांधून बाकावर जाऊन बसली. दोघीतिघी मागे धावल्या. बाई घाबरली, रुमाल सोडेना, रडायला लागली. ओस्ती पवित्र आहे, धावणाऱ्यांना काळजी वाटली हे मला पूर्ण मान्य. पण नंतर घरच्यांना निरोप गेला की आता त्यांना आणू नका. ते घर त्यानंतर पुन्हा आलं नाही, सूनसुद्धा नाही.

याला उपाय इतका साधा आहे की सांगायला अवघड वाटतं. सोबत एक माणूस रांगेत यावा. ओस्ती हातावर न देता जिभेवर द्यावी, गरज असेल तर अर्धी किंवा त्याहून लहान. गिळेपर्यंत थांबावं, नंतर घोटभर पाणी द्यावं, कारण आजार पुढे गेला की गिळण्याचाच त्रास सुरू होतो आणि कोरडी ओस्ती टाळूला चिकटते. ज्याला घास गिळताच येत नाही त्याला गरजेपोटी फक्त द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन देता येतं, असं चर्चच्या कायद्यातच आहे, ९२५व्या कलमात. आणि ९१९वं कलम तर प्रत्येक घरात वाचून दाखवायला हवं. कम्युनियनच्या आधीच्या तासाभराच्या उपवासातून म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना सूट आहे, आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांनाही आहे. सकाळी गोळ्या देताना, भरवताना सुनेनं स्वतः दोन घास खाल्ले तर तिला रांगेबाहेर राहायची गरज नाही. हा नियम लिहिणाऱ्यांना माझ्यासारख्या बायका दिसल्या होत्या, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

‘पण त्यांना समजतं कुठं?’ असा प्रश्न येतो. चांगले शिकलेले लोक विचारतात. आपण महिन्याभराच्या बाळाला बाप्तिस्मा देतो तेव्हा त्याला काय समजतं? ऑर्थोडॉक्स मंडळी तर बाळांना कम्युनियनही देतात. आपल्या परंपरेत मुलांनी जाणतं होईपर्यंत थांबायचं असतं, ते ठीक आहे. पण जिनं साठ-सत्तर वर्षं श्रद्धेनं घेतलं, तिच्याकडून शेवटी पुन्हा परीक्षा घ्यायची नसते. तेलाभ्यंगाचंही, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराचंही, तेच. शुद्धीत असताना ज्यानं तो संस्कार मागितला असता अशा आजाऱ्याला तो द्यावा, आणि आजार बळावला तर पुन्हा देता येतो. शेवटच्या रात्री फादरना धावत बोलावण्यापर्यंत थांबू नका.

एका गोष्टीचा मात्र मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. काही प्रार्थना गटांत या आजाराला सैतानाची बाधा म्हणतात. डोक्यावर हात ठेवून ओरडतात, श्रद्धा असेल तर गोळ्या बंद करा म्हणतात. बाई आधीच घाबरलेली असते, त्यात चार माणसं तिच्याभोवती मोठ्यानं ओरडतात. हा मेंदूचा आजार आहे. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर, त्याचं पहिलं वर्णन १९०६ साली झालं. विसरायला होतंय असं दिसल्यावर आधी डॉक्टरकडे न्या. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, यांनीही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत. त्यासाठी लगेच पाचशे किलोमीटरवर बेंगळुरूला, निम्हान्स या मेंदूच्या मोठ्या रुग्णालयात, धावावं लागत नाही. रक्त तपासणं आणि पहिली पाहणी बेळगावातच होते. मार्ग सुचत नसेल तर ज्येष्ठांसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर १४५६७ आहे. प्रार्थना जरूर करा. हळू आवाजात, ओळखीच्या शब्दांत, हात धरून करा.

पॅरिश कौन्सिलला याचं काय करायचं असं वाटत असेल तर पैसा जवळजवळ लागत नाही. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) मांडवावर आणि बँडवर होतो त्याचा लहानसा तुकडाही नको. त्या माणसाचा नेहमीचा बाक त्याच्यासाठी ठेवा, कारण जागा बदलली की ते बावरतं. रस्त्याच्या बाजूच्या गेटवर मिस्सा संपेपर्यंत एक जण असावा. उठून चाललं तर दंड धरून ओढू नये, शेजारून चालत दोन शब्द बोलत परत आणावं. कीबोर्ड आणि स्पीकरचा आवाज जरा कमी करा. तेवढ्यानं निम्मा गोंधळ जातो, आणि तसंही आमच्याकडे आवाज फार असतो. आणि भेटल्यावर ‘मला ओळखलंस काय गं?’ असं कृपा करून विचारू नका. ‘मी फिलोमिना आंटीची मुलगी’ असं आपण होऊन सांगा. तिला उत्तर द्यायची लाज वाटायला नको.

देखभाल करणाऱ्याकडेही बघा. बहुतेक ठिकाणी ती सून असते किंवा लग्न न झालेली मुलगी. मुलगे गल्फमध्ये, पुण्यात, कुणी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. ते पैसे पाठवतात, व्हिडिओ कॉल करतात, पण रात्री दोनला उठून दाराशी उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याला परत झोपवणारी एकटीच असते. ‘काही लागलं तर सांग हं’ म्हणणारे पुष्कळ असतात, पण सांगायला तिला वेळ नसतो. तिला विचारू नका. रविवारी साडेसातला तिच्या घरी जाऊन बसा आणि तिला म्हणा, आज तू एकटी मिस्सेला जा, सावकाश ये. मेथॉडिस्ट मंडळीतल्या माझ्या एका मैत्रिणीनं हे माझ्यासाठी केलं. ती आमच्या चर्चची नव्हे, तिला मांयची रोझरी येत नाही. तिनं मांयबरोबर मराठी भजनं म्हटली. दोघी खूश होत्या.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी ठेवला आहे. त्या दिवशी आपण समोरच्या बाकावरच्या धडधाकट ज्येष्ठांना गुलाब देतो, फोटो काढतो. यंदा त्या रविवारी, जे वर्षभर आले नाहीत त्यांना आणायचं असं आम्ही काही जणींनी ठरवलंय. जुलै म्हणजे इथे धो धो पाऊस, त्यामुळे रिक्षा दारापर्यंत आणू, छत्री आणि सोबत आमची. उठून चाललं तर आम्ही बरोबर चालू, मोठ्यानं बोललं तर बोलू दे. आमच्या पॅरिशमधल्या कुणाच्या घरी असं माणूस असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. नाव कुठेही वाचलं जाणार नाही, यादीत जाणार नाही. नेहमीचा बाक कुठला आणि प्रार्थना कुठल्या भाषेत म्हणतात, तेवढं मात्र आधी सांगा.