५० सीसीचं लायसन देता, गाडी कुठून आणू?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला दुचाकी चालवता येते, फक्त इंजिन ५० सीसीच्या वर नको. ठीक. आता गोव्यात डिचोली, म्हापसा, फोंडा, कुठल्याही शोरूममध्ये जा आणि ५० सीसीची नवी गाडी मागून बघा. जुनी लुना गेली, टीव्हीएस फिफ्टी गेली. मोपेड म्हणून एक्सएल १०० उरलीय, तिचं इंजिन नावाप्रमाणे शंभरच्या घरात. नवी लुना आली ती बॅटरीवर, आणि बॅटरीला सीसी कुठून असणार? मग हे लायसन घेऊन पोरांनी करायचं काय?

माझी मुलगी बारावीला आहे. ट्यूशन सुटेपर्यंत अंधार पडतो, आमच्या वाड्याकडची शेवटची बस त्याआधीच गेलेली असते. म्हणून बिनलायसनची ई-स्कूटर बघायला गेलो. नियम असा, की मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती मोटार वाहनच नाही. लायसन नको, नोंदणी नको, वयाचीही अट नाही. पण पाठीला दप्तर घेऊन आमच्या घाटीवर ती चढतच नाही! विकणारा शांतपणे म्हणतो, "ही एक वायर काढतो, पंचेचाळीसनं पळेल. सगळे तेच करतात." अरे, वायर काढली की ती मोटार वाहन झाली ना! नंबर नाही, विमा नाही. उद्या कुणाला धडकली तर भरपाई कोण देणार, तू?

आणि अ‍ॅक्टिवा दिली तर नुसत्या तालांवावर, म्हणजे दंडाच्या पावतीवर, भागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. शिक्षा कडक हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण सरळ मार्गानं जायचं म्हणणाऱ्याला मार्ग तरी ठेवा! सोळा ते अठराच्या मुलांना विनागिअर ई-स्कूटर देण्याचा विचार गडकरींनी २०१८ मध्येच बोलून दाखवला होता. इतकी वर्षं नुसता विचारच चाललाय?

सीसीच्या जोडीला किलोवॅटची आणि वेगाची मर्यादा लिहा. परीक्षा हवी तेवढी कडक घ्या, हेल्मेट, नंबरप्लेट, विमा सगळं सक्तीचं करा. आम्ही पैसे भरतो, रांगेत उभे राहतो. पण आमची मुलं कायद्यानं चालवू शकतील अशी एक तरी गाडी रस्त्यावर येऊ द्या!