माणसांपासून मूल जपा

मुलांच्या स्क्रीन टाइमवरून हल्ली पालकांचं उगाच डोकं खाल्लं जातं. खरा धोका तुमच्याच सोफ्यावर पाय पसरून बसलेला असतो, आणि तो म्हणजे माणूस. त्याच्या फार सहवासात राहिलं की मूल बोलायला लागतं, बोलायला लागलं की विचारायला लागतं, आणि एकदा का ते 'का?'वर आलं की तुमची दुपारची झोप गेलीच म्हणून समजा. तेव्हा मोजायचाच असेल तर माणूस-टाइम मोजा.

लागण साधारण नवव्या-दहाव्या महिन्यापासून सुरू होते. भिंतीवरून मुंगी चाललेली असते. मूल तिच्याकडे बघतं, वळून तुमच्याकडे बघतं, पुन्हा मुंगीकडे, आणि बोट वर करतं. त्याला मुंगी नको असते. तुम्हीही ती बघताय ना, एवढंच हवं असतं. इथे तुमच्या तोंडून नुसतं 'अरे वा, मुंगी!' निघालं तरी कारभार आटोपला. शब्द मिळाला, तो कशाला चिकटवायचा ते कळलं, आणि समोरच्याच्या डोक्यातही काहीतरी चाललेलं असतं याचा सुगावा लागला, सगळं तीन सेकंदांत. म्हणून मान वर करायची नाही. अंगठा मोबाइलवर चालू ठेवायचा. बोट आणखी एकदा-दोनदा वर येईल, 'अं, अं' होईल, मग खाली जाईल. नेटाने करत राहिलं की सवय लागते. त्यालाही आणि तुम्हालाही.

मुलाला मोबाइल द्यायला मन धजत नसेल तर 'शैक्षणिक' व्हिडिओ लावा, या शब्दाने मन लगेच स्वच्छ होतं. काही शिकेल म्हणून घाबरू नका. पॅट्रिशिया कूल या संशोधिकेने २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. इंग्रजी कानांवर पडणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं बारा वेळा येऊन खेळली, तर बाळांना त्या भाषेतले बारीक ध्वनी वेगळे कळू लागले. तीच माणसं, तीच खेळणी, तोच मजकूर पडद्यावरून दाखवला तेव्हा? ढिम्म. बाळं बघत होती हो, पण शिकली नाहीत. कारण पडदा बाळाच्या हुंकाराला थांबत नाही, त्याची नजर गेली तिकडे वळत नाही. असा निरुपद्रवी पाहुणा शोधून सापडायचा नाही.

व्हिडिओ मात्र तुम्हाला स्वतःला आवडला पाहिजे. बाळांच्या अशाच एका डीव्हीडीची २०१० साली परीक्षा झाली. महिनाभर ती बघणारी बाळं, न बघणाऱ्यांपेक्षा जास्त शब्द काही शिकली नव्हती. पण ज्या पालकांना ती आवडली होती, त्यांना आपलं बाळ बरंच शिकलंय असं वाटत होतं. एवढ्या पैशांत एवढं समाधान दुसरं काय देतं?

काहींना मुलाशी बोलल्याशिवाय राहवतच नाही. त्यांनी मोबाइलची रिंग मोठी ठेवावी. २०१७ सालच्या एका अभ्यासात आयांनी दोन वर्षांच्या मुलांना नवे शब्द शिकवले. एका शब्दाच्या वेळी मध्येच फोन वाजला. दोन्ही शब्द मुलांनी सारख्याच वेळा ऐकले होते, पण फोनवाला शब्द काही डोक्यात गेला नाही. म्हणजे बघा, बोलल्याचं पुण्यही पदरात पडतं आणि मूलही बिघडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवलंय की वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला स्क्रीन नको, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या वर नको. संघटनेला रोज कुणाला भरवावं लागत नाही. व्हिगोत्स्की नावाचे एक मानसशास्त्रज्ञ तर म्हणायचे की विचार आधी दोन माणसांच्या मध्ये घडतो आणि मग मुलाच्या आत शिरतो. ते १९३४ साली वारले, त्यामुळे त्यांना माफ आहे.

व्हिडिओ कॉलपासून मात्र सावध. दिसायला तोही पडदाच, पण आत आजी असते. 'दात कुठेत?' असं ती विचारते, वाट बघते, मुलाने आ केला की खिदळते. अशा दुतर्फी बोलण्यातून दोन वर्षांची मुलं पडद्यावरूनही शब्द उचलतात, हे तपासून झालेलं आहे. आजीला सांगा, रेकॉर्ड करून पाठव.

एवढं सगळं सांभाळूनही एक प्रसंग येतोच. बॅटरी संपते. पडदा काळा पडतो, मूल त्याच्यावर दोनदा बोट आपटतं आणि मग हळूच मान वर करून थेट तुमच्या तोंडाकडे बघतं. काहीतरी होण्याची वाट बघत. अशा वेळी त्याच्या डोळ्यांत डोळे घालू नका. चार्जर कुठल्या खोलीत आहे, ते आधीच माहीत असू द्या.